धूळ निरंक

डॉ. बुद्धभूषण रामटेके यांची नोकरी दर वर्षी तीस जूनला संपायची आणि एक जुलैला पुन्हा सुरू व्हायची. असं अकरा वेळा झालं होतं. रायपूरच्या एका खाजगी कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे आणि कॉलेज त्यांना 'करारावरचे' म्हणायचं. या अकरा वर्षांत कॉलेजचा माळी कायम झाला, शिपाई कायम होऊन निवृत्तही झाला, आणि प्रयोगशाळेच्या नळाची गळती तर पहिल्या दिवसापासून कायमच होती. सर तेवढे राहिले होते.

त्या वर्षी विभागप्रमुख इरावती मॅडमनी त्यांना केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. मॅडम चहा पाजतात तेव्हा बातमी वाईट असते, हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं.

"बघा सर, तुम्हाला कायम करायला मॅनेजमेंटची हरकत नाही. फक्त एक पेपर पाहिजे. यादीतल्या जर्नलमध्ये छापलेला. पुढच्या तीस जूनपर्यंत. नाहीतर..."

'नाहीतर'च्या पुढे मॅडम कधी जात नसत. पुढचं वाक्य ऐकणाऱ्याने घरी जाऊन बायकोसमोर पूर्ण करायचं, अशी पद्धत होती. सरांनी ते समता कॉलोनीतल्या भाड्याच्या घरात पूर्ण केलं. मोनाली जवळच्याच एका दवाखान्यात नर्स होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे अकरा वर्षं शिकवलं ते मोजतच नाहीत काय?"

"शिकवलेलं मोजता येत नाही," सर म्हणाले. "छापलेलं येते."

विषय शोधावा लागला नाही. सरांची पीएच.डी. विषारी धातूंवरची होती आणि ते वाढले बीरगावात, कारखान्यांच्या शेजारी. तिथे पांढरा शर्ट घेणाऱ्याला लोक उधळ्या समजायचे. वाळत घातलेली चादर संध्याकाळी झटकली की काळी भुकटी पडायची, आणि वड्या वाळवायच्या तर वरून जुनी साडी बांधावी लागायची. सरांचे वडील तुळशीराम बत्तीस वर्षं भट्टीवर राबून निवृत्त झाले, तेव्हा निरोपाची शाल आणि खोकला एवढं घेऊन घरी आले. शाल फाटली. खोकला टिकला. गुडघ्यांमुळे आता त्यांना गच्चीचा जिनाही चढवत नव्हता, पण गेली चार वर्षं ते मोहल्ल्यातल्या दोनशे बारा लोकांच्या सह्यांचा अर्ज घेऊन एका सरकारी कार्यालयाच्या पायऱ्या मात्र चढत होते. कार्यालय दर वेळी एकच विचारायचं, धूळ विषारी आहे याला शास्त्रीय आधार काय? तुळशीराम तिथल्या तिथे खोकून दाखवायचे, पण खोकल्याची आवक नोंदवहीत नोंद होत नाही.

"तू कागद काढ," ते मुलाला म्हणाले. "तुहा पेपर छापून आला का मी अर्जाले जोडतो. मंग पाहू कसे नाही म्हनतेत ते."

एका पेपरात नोकरी आणि बापाचा अर्ज, दोन्ही मार्गी लागणार होते. त्या दिवसांत सर थोडे आनंदी होते. हे इथे नोंदवून ठेवलेलं बरं, कारण पुन्हा तशी संधी येणार नाही.

घरमालक चारुदत्त दाबके खालच्या मजल्यावर राहायचे. भोसल्यांच्या काळात त्यांचे पूर्वज रायपुरात आले आणि तेव्हापासून ते घराणं लोकांना सल्ले देत होतं. ऐकणारे बदलत गेले, सल्ले तेच राहिले.

"धूळ काहून घेता सर?" दाबकेकाका म्हणाले. "धुळीला मालक असतो. उद्या कोणाचं तरी नाव निघेल. त्यापेक्षा फुलपाखरं घ्या. फुलपाखरू नोटीस नाही पाठवत."

सरांनी फुलपाखरं नाकारली आणि पद्धत समजावून सांगितली. बीरगावात वीस घरं आणि तुलनेसाठी समता कॉलोनीत वीस घरं निवडायची. प्रत्येक गच्चीवर एक पसरट परात तीस दिवस उघडी ठेवायची. महिनाभरात जी धूळ पडेल ती शुद्ध पाण्याने बाटलीत उतरवून घ्यायची आणि तिच्यात शिसं वगैरे किती आहे ते यंत्रावर मोजायचं.

"पराती स्टीलच्या घ्या," काका म्हणाले. "नंतर लग्नकार्यात कामी येतात."

"काका, मोजायचा आहे धातू. धातूच्या परातीत कसा मोजणार?"

काकांनी विचार केला. "मग पितळेच्या घ्या," ते म्हणाले.

पराती पांढऱ्या प्लास्टिकच्या आल्या. पण त्या गच्चीवर जाण्याआधी कॉलेजच्या नीती समितीसमोर गेल्या. समितीत वाणिज्यचे एक प्राध्यापक, क्रीडा संचालक आणि कॉलेजचे वकील होते. वकिलांनी मूलभूत प्रश्न काढला की गच्चीवर पडलेली धूळ कोणाची? गच्चीमालकाचीच. मग त्याच्या लेखी संमतीशिवाय ती नेणं म्हणजे काय? क्रीडा संचालकांनी हळूच 'चोरी' असं म्हटलं. त्यामुळे सहा पानांचं संमतीपत्र तयार झालं. त्यात अभ्यासादरम्यान चक्कर आल्यास कोणाला कळवावं हे होतं, अभ्यासातून कधीही माघार घेण्याचा हक्क होता, आणि चौदाव्या कलमात, पाचव्या पानाच्या तळाशी, परातीला हात लावू नये हेही होतं.

समता कॉलोनीत लोकांनी ते न वाचता सही केली. बीरगावात सरांच्या आई, सत्यभामाबाई, घरोघर गेल्या. सहा पानं वाचून दाखवायला त्यांना वेळ नव्हता आणि ऐकायला कोणाला नव्हता. त्यांनी सहा पानांचं एक वाक्य केलं. "माया पोट्ट्याची परात आहे, गच्चीवर ठेवा, महिन्यानं नेतो." सगळ्या बायांनी हव म्हटलं आणि अंगठे, सह्या दिल्या.

पाच डिसेंबरला चाळीस पराती मांडून झाल्या. चार जानेवारीला समता कॉलोनीतल्या वीस पराती सरांनी स्वतः उतरवल्या. त्यांत बोटभर धूळ, पारव्यांची पिसं आणि कोणाचा तरी हरवलेला सॉक्स होता. तिथल्या कामवाल्या बायांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "वो भैया का बर्तन है, हमारे काम में नहीं आता." विज्ञानाला याहून चांगलं सहकार्य मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी बीरगाव करायचं, तर विद्यापीठाने सरांना परीक्षेच्या भरारी पथकात टाकलं. कॉपी पकडायला त्यांना नव्वद किलोमीटरवर जायचं होतं. ते नाही म्हणू शकले असते, पण करारावरचा माणूस नाही म्हणत नाही. मग बीरगावच्या पराती सत्यभामाबाईंनी उतरवल्या. सरांनी त्यांना दोन रविवार शिकवलं होतं. ब्रशने हळू फिरवायचं, पाणी बाटलीत ओतायचं, झाकण घट्ट लावायचं, नंबर लिहायचा. त्यांनी एकही चूक केली नाही. वीस बाटल्या आल्या, वीस नंबर बरोबर होते. सोबत एक मोठी पिशवी आली. तिच्यात चार-पाच प्रकारचे तांदूळ एकत्र झालेले, गुळाचे खडे आणि थोड्या बिजोऱ्या, म्हणजे तीळ घातलेल्या वाळवलेल्या वड्या होत्या. पौषी पौर्णिमा आली होती, छत्तीसगढात या दिवसांत छेरछेऱ्याच्या सणाला दारोदार धान्य देतात. आईला कोणी दिलं असेल, असं सरांना वाटलं. मोनालीने त्या तांदळाची खीर केली. सरांनी दोनदा घेतली.

ज्या प्रयोगशाळेत यंत्र होतं तिथे गॅसचं सिलिंडर संपलं होतं. सिलिंडरची फाइल जानेवारीभर एका टेबलावर बसून होती. फेब्रुवारीच्या शेवटी अहवाल आला. समता कॉलोनीच्या रकान्यात शिसं, जस्त, कॅडमियम असे आकडे होते. बीरगावच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द वीस वेळा लिहिला होता. निरंक. म्हणजे काहीही नाही.

सरांनी प्रयोगशाळेला फोन केला. तिथला माणूस दुखावला. "मशीन झूठ नहीं बोलती सर," तो म्हणाला. बाटल्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून सरांनी नंबर तपासले, पण समता कॉलोनीच्या बाटल्यांत पारव्याचं पीस तरंगत होतं, तेव्हा तीही शंका मिटली. या ठिकाणी त्यांनी आईला एक फोन करायला हवा होता. गोष्ट तिथेच संपली असती. पण शास्त्रज्ञ आईला फोन करून विचारत नाही, तो संदर्भग्रंथ बघतो. संदर्भग्रंथांत वाऱ्याच्या दिशेवर एक प्रकरण होतं. सरांनी वाऱ्यावर भिस्त ठेवली.

इरावती मॅडम मात्र निकाल बघून उजळल्या. "कारखान्याजवळ धूळ असते हे कोण छापणार? धूळ नसते, हे छापतात. सर, तुमचं नशीब उघडलं." त्यांनी मार्गदर्शन म्हणून स्वतःचं नाव पहिलं टाकलं, प्रेरणा म्हणून कॉलेजच्या संचालकांचं दुसरं, आणि पत्रव्यवहार कोणीतरी करायचा असतो म्हणून सरांचं तिसरं.

पहिल्या जर्नलने चाळीस मिनिटांत पेपर परत केला. सरांना वाटलं, निदान डाउनलोड तरी करून बघायचा. दुसऱ्याने दीड महिना ठेवून कळवलं की इंग्रजी एखाद्या इंग्रजाकडून तपासून घ्यावं. रायपुरात इंग्रज कुठून आणायचा? दाबकेकाका म्हणाले, "माझे आजोबा इंग्रज साहेबाकडे कारकून होते, आणा इकडे," आणि त्यांनी खरोखर अकरा ठिकाणी 'द' घातला. तिसऱ्या जर्नलकडून दोन परीक्षकांची पत्रं आली. पहिल्याने एकाच माणसाचे नऊ पेपर संदर्भात घालायला सांगितले. तो माणूस तो स्वतःच असणार हे सरांना कळलं, आणि त्यांनी नऊच्या नऊ घातले. दुसऱ्या परीक्षकाने फक्त एक प्रश्न विचारला होता. तीस दिवसांत परातींना कोणी हात लावला नाही, याची खात्री लेखकांनी कशी केली?

सरांनी तो प्रश्न दोनदा वाचला. तारीख होती चोवीस मे. मग त्यांनी लिहिलं, "सर्व नमुने एका प्रशिक्षित क्षेत्र-समन्वयकाच्या थेट देखरेखीखाली होते."

हे वाक्य टाइप करताना त्यांना किंचित हसूही आलं होतं, आईच्या पदवीचं. नंतर त्यांना त्या हसण्याचीच जास्त लाज वाटली.

पेपर वीस जूनला छापून आला. कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला. त्यावर संचालक मोठे, मॅडम मध्यम आणि सर पासपोर्ट आकाराचे होते. कायम झाल्याचा आदेश पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर संचालकांच्या हस्ते द्यायचा ठरला. एका हिंदी वर्तमानपत्राने बातमी केली, "बीरगांव की हवा समता कॉलोनी से साफ."

दाबकेकाका वर्तमानपत्र हातात धरूनच वर आले. "सर, तुम्ही या घरात नऊ वर्षं राहून राहिले. माझ्या गच्चीवर परात ठेवू दिली तुम्हाला. आणि तुम्ही आमची कॉलोनी घाण आहे म्हणून छापता? माझा प्लॉट बघायला आलेला माणूस परत गेला." त्यांनी घर सोडायला सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून सल्ला द्यायचं बंद केलं. सरांना ते अधिक लागलं.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी सर बीरगावला गेले. तुळशीराम खाटेवर बसले होते. त्यांच्यासमोर दोन कागद होते. एक तीच बातमी, लॅमिनेट केलेली. दुसरं सरकारी पत्र.

"वाच," ते म्हणाले.

पत्र चार वर्षांच्या अर्जाला उत्तर होतं. "उक्त शोधपत्र के अनुसार बीरगांव क्षेत्र में धातुयुक्त धूल निरंक पाई गई। अतः शिकायत नस्तीबद्ध की जाती है।" नस्तीबद्ध म्हणजे फाइल बांधून कपाटात. सोबत शास्त्रीय आधार जोडला होता. सरांचा पेपर, सगळी पानं, तिसरं नाव पिवळ्या पेनाने रंगवलेलं. त्या रामटेकेचा अर्जदार रामटेकेशी काही संबंध असेल हे कार्यालयाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मी म्हटलं होतं, मी जोडतो," तुळशीराम म्हणाले. "त्यायनंच जोडला." ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर सरांना बरं वाटलं असतं.

सत्यभामाबाई चहा घेऊन आल्या. सरांनी पहिल्यांदा त्यांना विचारलं, "आई, परातींना कोणी हात लावला होता काय?"

"हात कायले लावतीन?" त्या म्हणाल्या. "धूत होत्या फक्त."

"कोण?"

"सगळ्याच. रोज काळी होऊन राहिली होती बापा परात. कॉलेजच्या सायबाचं भांडं असं घान कसं ठेवतीन? बाया लाजत होत्या. रोज सकाळी घासायच्या. मी बी घासत होती. अन नेताना रिकामी कशी देतीन? कोनाचं भांडं रिकामं वापस करू नये. कोनं तांदूळ टाकले, कोनं गूळ. ते काढून घेतलं, पुन्हा पानी मारलं, मंग तुया पान्यानं बाटल्या भरल्या. तांदूळ तुले पाठवले ना."

सरांना खीर आठवली. वीस घरच्या आदरातिथ्याचा अहवाल त्यांनी जगभर छापून आणला होता.

"माह्यानं काही चुकलं काय, भूषण?"

"नाही," सर म्हणाले. त्यांना रडू येत होतं, पण चहा हातात होता. "माझं चुकलं. तू तर नंबरही बरोबर लिहिले."

सोमवारी त्यांनी मॅडमना सगळं सांगितलं आणि पेपर मागे घेऊ म्हणाले. मॅडमनी चहा मागवला. "सर, चुका सगळ्यांच्या होतात. मागे कोण घेतं? पंधरा तारखेला बारा दिवस आहेत. आदेश हातात घ्या, मग वर्षा-दोन वर्षांनी हळूच दुसरा पेपर लिहा, पहिल्याच्या विरुद्ध. दोन पेपर होतील. याला करिअर म्हणतात."

सल्ला व्यवहाराचा होता, हे सरांनाही कळत होतं. मोनालीने तो ऐकून घेतला. मग म्हणाली, "काल दवाखान्यात बीरगावचे सहा आले होते. एकाने विचारलं, दीदी, हवा तर साफ आहे म्हणतात, मग मला काय झालं?" एवढं बोलून ती भाजी चिरायला लागली.

सरांनी त्या संध्याकाळी जर्नलला पत्र लिहिलं. नमुने धुतले गेले होते, देखरेख नव्हती, ते वाक्य खोटं होतं आणि ते मी लिहिलं. पत्राची प्रत वडील अर्ज घेऊन जायचे त्या सरकारी कार्यालयालाही पाठवली. जर्नलने कळवलं की पेपर मागे घ्यायला तिन्ही लेखकांच्या सह्या लागतात. मॅडमनी सही केली नाही. संचालकांनी तर पेपर वाचलेलाच नव्हता, त्यामुळे तो मागे घेण्याचं त्यांना कारण दिसत नव्हतं. कार्यालयाने कळवलं की छापील आधाराविरुद्ध हस्तलिखित पत्र ग्राह्य धरता येत नाही, नवा छापील आधार सादर करावा. पंधरा ऑगस्टला संचालकांच्या हस्ते नव्या कूलरचं उद्घाटन झालं. सरांचा करार मात्र वर्ष संपायच्या आधीच संपला. बारा वर्षांत हे एकच काम कॉलेजने वेळेआधी केलं.

सर आता पंडरीत कापडाच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर, एका कोचिंग क्लासमध्ये बारावीच्या मुलांना शिकवतात. पेपर अजून तिथेच आहे. मध्ये कोणी तरी त्याचा संदर्भही दिला.

डिसेंबरात त्यांनी माळ्यावरच्या वीस पराती पुन्हा काढल्या. या वेळी समिती नव्हती, सहा पानं नव्हती. सर स्वतः वीस घरी गेले आणि एकच वाक्य बोलले, "काकू, परात धुऊ नका." बायांनी हव म्हटलं, पण चेहरे पडले.

तिसाव्या दिवशी ते गोळा करायला गेले, तेव्हा प्रत्येक गच्चीवर परातीच्या भोवती जुन्या चादरीचा आडोसा बांधलेला होता. शेजारणीला दिसू नये म्हणून. शेवटचं घर वनमालाबाईंचं होतं. त्यांनी परात दोन्ही हातांनी, तोंड बाजूला करून, पुढे केली. तळ दिसत नव्हता.

"आजवर कोनाले असं भांडं देल्लं नाही मी," त्या म्हणाल्या. "माफ करजा, सर." मग त्या आत गेल्या आणि मूठभर तांदूळ घेऊन आल्या. परातीत टाकायला जागा नव्हती. थोडा वेळ त्या मूठ मिटून उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी ते तांदूळ सरांच्या शर्टाच्या खिशात ओतले.

सरांनी वीस पराती बीरगावच्याच आईवडिलांच्या घरी आणल्या आणि अंगणात मांडल्या. गुडघ्यांमुळे कित्येक वर्षं गच्ची न पाहिलेले तुळशीराम खाटेवरून वाकून एकेक परात बघत राहिले. एकीत त्यांनी बोट फिरवलं. "एवढी," ते म्हणाले, आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत सगळे थांबले. मग सरांनी बाटल्या भरल्या, झाकणं लावली, नंबर लिहिले. यंत्र कुठे मिळेल, ज्याला कॉलेजच नाही त्याचा पेपर कोणतं जर्नल घेईल, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

सत्यभामाबाई इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आता तरी धुऊ काय रे?"

"धू," सर म्हणाले.

सत्यभामाबाईंनी वीसच्या वीस पराती घासल्या, दोनदा पाणी मारलं, आणि वाळायला गच्चीवर उपड्या घातल्या. संध्याकाळी सर त्या आणायला वर गेले, तेव्हा परातींच्या पाठी काळ्या झाल्या होत्या.